तेन्झिन: आला की आली, ते विचारूनच कळणार

सोनम म्हटलं की आपल्याकडे आधी मुलगीच डोळ्यांपुढे येते. हिंदी सिनेमाने ती सवय लावली, आणि नावाचं सोन्याशी काहीतरी नातं असणार हे आपण परस्पर ठरवून टाकलं. मग बातम्यांत लडाखचे सोनम वांगचुक येतात आणि हिशेब चुकतो. लडाखी सोनमचा सोन्याशी काडीचाही संबंध नाही. तो तिबेटी शब्द आहे, अर्थ पुण्य. वांगचुक म्हणजे ईश्वर. हे गृहस्थ चक्क पुण्येश्वर निघतात!

तिबेट, लडाख, सिक्कीम, भूतान आणि नेपाळातला शेर्पा मुलूख, इथली पुष्कळ नावं अशीच आहेत. मुलाला चालतात, मुलीलाही चालतात. त्यातलं सगळ्यात जास्त उलगडण्याजोगं नाव म्हणजे तेन्झिन. मराठी घरात ते सहसा सापडणार नाही. पण थंडीच्या दिवसांत आपल्या शहरांत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथे नावं विचारून बघा. दुकान मांडून बसलेली ताई तेन्झिन असते, गठ्ठे सोडणारा तिचा भाऊही तेन्झिन असू शकतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

आधी अर्थ बघू. नाव दोन तुकड्यांचं आहे. 'तेन' म्हणजे बुद्धाची शिकवण, 'झिन' म्हणजे धरणारा किंवा धरणारी. हे कुणी अंदाजाने जुळवलेलं नाही. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून तिबेटीत नेताना कुठल्या शब्दासाठी कुठला शब्द वापरायचा, हे तिबेटच्या राजांनी पंडितांना बसवून ठरवून घेतलं. नवव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून 'महाव्युत्पत्ती' नावाचा नऊ हजारांवर नोंदींचा कोश तयार झाला. त्यामुळे बऱ्याच तिबेटी नावांना संस्कृतात ठरलेला जोडीदार मिळतो. पेमा म्हणजे पद्म, दोर्जे म्हणजे वज्र, रिंचेन म्हणजे रत्न, कुंगा म्हणजे आनंद, लोब्सांग म्हणजे सुमती, डोल्मा म्हणजे तारा. त्याच न्यायाने तेन्झिन म्हणजे शासनधर.

शासन म्हटल्यावर आपल्याला मंत्रालय आठवतं, नाहीतर शिक्षा. बौद्ध परंपरेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. बुद्धाने जे सांगितलं आणि त्यातून जी परंपरा उभी राहिली ते सगळं मिळून शासन, पालीत सासन. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत आणि विहारांत 'बुद्धसासन' हा शब्द कानांवर असतो. जैन मंडळी 'जिनशासन' म्हणतात तेही याच अर्थाने. तेन्झिनमधला 'तेन' तो हा.

आणि धरायचं म्हणजे काय करायचं? शिकवण म्हणजे काही हातात धरायची वस्तू नव्हे. याचं उत्तर वसुबंधू या जुन्या बौद्ध आचार्याच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथात, आठव्या प्रकरणाच्या शेवटाकडे दिलेलं आहे. त्याचं म्हणणं असं की बुद्धाचा सद्धर्म दोन प्रकारचा: एक ग्रंथांतून आलेला, दुसरा अनुभवातून मिळवलेला. आणि त्याला धरून ठेवणारेही दोनच: जे तो सांगतात ते आणि जे तो आचरतात ते. तिबेटी भाषांतरात या 'धरून ठेवणाऱ्यां'साठी जो शब्द आहे तोच आपल्या नावातला 'झिन'. तेव्हा बाळाच्या नावांच्या याद्यांत तेन्झिनपुढे 'धर्मरक्षक' असं लिहिलेलं सापडलं तर ते अगदीच चूक नाही, पण त्यातून ढाल-तलवार घेतलेला कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. नावाला अपेक्षित आहे ते पाठांतर आणि आचरण.

अर्थात इतिहासात ढाल-तलवारवालेही झाले. सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांनी गुश्री खान या मंगोल सेनानीला 'तेन्झिन छोग्याल' अशी पदवी दिली. छोग्याल म्हणजे धर्मराज. या खानाच्या फौजेच्या जोरावरच १६४२ मध्ये दलाई लामांची तिबेटवर सत्ता बसली, त्यामुळे तिथे 'शासनधर' हा शब्द आपल्या मराठी अर्थानेही लागू पडला म्हणायचा.

उच्चाराकडे वळू, कारण तिथे खरी मजा आहे. तिबेटी लिपी मुळात आपल्याच ब्राह्मीच्या घराण्यातली. पण त्यांचं लेखन शेकडो वर्षांपूर्वी गोठलं आणि बोलणं पुढे निघून गेलं. 'तेन' लिहिताना आजही ब, स, त, न अशी चार अक्षरं लिहितात. ल्हासाच्या बोलीत ब मुका, स मुका, आणि शेवटच्या नच्या ओढीने मधला अ सरकून ए झालेला. राहिलं 'तेन'. लडाखी बोलीने मात्र यातला स सोडला नाही. म्हणून लेहच्या शाळेतल्या हजेरीपटावर हेच नाव 'स्तान्झिन' असं दिसतं. पुष्कळांना ती दोन वेगळी नावं वाटतात, पण कागदावर तिबेटी अक्षरांत दोन्ही एकच. मंगोलियात हेच नाव 'दान्झान' झालं. गोबीच्या वाळवंटात एकोणिसाव्या शतकात होऊन गेलेला कवी-भिक्षू दान्झानराव्जा, त्याच्या नावाचा पहिला भाग म्हणजे आपला तेन्झिनच.

दुसऱ्या तुकड्यात मराठी माणसाला एक जास्तीचा फायदा आहे. 'झिन'मधलं व्यंजन म्हणजे 'जाड', 'जोडा' या शब्दांतला दाताला जीभ लावून म्हटलेला ज. संस्कृतात हा उच्चार नाही, त्यामुळे भारतीय वळणाची लिपी घेतल्यावर तिबेट्यांपुढे तोच पेच आला जो मराठीपुढे होता: 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळे दाखवायचे कसे? तिबेट्यांनी मूळ च, छ, ज या अक्षरांच्या डोक्यावर एक छोटी शेंडी काढली आणि तीन नवी अक्षरं करून घेतली. आपण काहीच केलं नाही, ज्याने त्याने आपापलं ओळखून वाचावं. परिणाम असा की 'तेन्झिन' मराठीत बिनचूक लिहिता येत नाही. 'जि' लिहिलं की आपली जीभ 'जिरे'तल्या जकडे जाते, कारण इकारापुढे आपल्याकडे दंत्य ज येतच नाही. म्हणून 'झि' ही तडजोड.

त्याआधीची तडजोड आणखी वाईट होती. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या दोघांपैकी एकाचं नाव मराठी वर्तमानपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी 'शेर्पा तेनसिंग' असं छापलं. इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगातून आलेला तो ग मूळ तिबेटी लेखनात नाहीच. पण 'सिंग' वाचल्यावर ठाकूर, नाहीतर सरदारजी आठवणार, दुसरं काय होणार! तेनझिंग नोर्गे यांचं जन्मनाव तर आणखीच वेगळं होतं: नामग्याल वांगदी. लहानपणी रोंगबुक मठाच्या प्रमुख लामांच्या सांगण्यावरून ते बदललं. त्या लामांचं स्वतःचं नाव होतं ङावाङ तेन्झिन नोर्बू.

लामांच्या नावातला तेन्झिन मुलाच्या नावात उतरला, हे नीट बघून ठेवा. तिबेटी नावं कशी चालतात याची किल्ली तिथे आहे.

आपल्याकडे बाळाचं नाव राशीवरून आलेल्या अक्षरावर, आजोबांवर किंवा आत्याच्या हौसेवर ठरतं. तिबेटी घरांत आईबाप बहुधा एखाद्या लामाकडे नाव मागायला जातात. लामा सहसा दोन शब्दांचं नाव देतात, आणि त्यातला पहिला शब्द पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्या नावातला असतो. हा आशीर्वादाचा भाग. कर्मापा, म्हणजे काग्यू या तिबेटी पंथाचे एक प्रमुख लामा, त्यांच्याकडून नाव आणलेल्या घरांत कर्म नावाची मुलंमुली सापडतात ती यामुळेच. आणि सध्याच्या, चौदाव्या, दलाई लामांचं नाव आहे तेन्झिन ग्यात्सो. १९५९ च्या मार्चमध्ये ते ल्हासा सोडून भारतात आले, त्यांच्या मागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. निर्वासितांच्या वसाहतींत जन्मलेल्या बाळांसाठी आईबापांनी दलाई लामांकडेच नावं मागितली. धरमशालेहून कागदावर नाव लिहून यायचं: तेन्झिन अमुक, तेन्झिन तमुक. एका पिढीत शाळेचे वर्गच्या वर्ग तेन्झिनांनी भरून गेले. जुन्या पिढीत थुब्तेन नावाची माणसं भेटतात, त्यांच्या काळातले तेरावे दलाई लामा होते थुब्तेन ग्यात्सो.

म्हणून मला हे नाव नुसतं 'मुलामुलींना चालणारं' या खणात टाकणं पुरेसं वाटत नाही. आपल्या नावातून लिंग कळतं, बापाचं नाव कळतं, आडनावावरून जात आणि गाव हुडकायचा लोक प्रयत्न करतात. तेन्झिन यातलं काहीच सांगत नाही. ते सांगतं नाव कुणाकडून आलं. आणि देणाऱ्याचा ठसा उमटवायचा असेल तर घेणारा मुलगा आहे की मुलगी याने फरक पडत नाही.

भाषेचीही साथ आहे. तिबेटीत नामांना व्याकरणिक लिंग नाही, क्रियापदही बदलत नाही. 'तेन्झिन आला' आणि 'तेन्झिन आली' ही दोन वाक्यं तिथे एकच. मराठीत तोंड उघडलं की आ, ई किंवा ए यातलं एक ठरवावंच लागतं. किरण, कांचन, शशी अशी दोन्हीकडे चालणारी नावं आपल्याकडेही आहेत, पण ती मोजकी, आणि त्यांची दुसऱ्या वाक्यात सुटका होतेच.

लिंग दाखवायचंच असेल तर तिबेटी माणूस ते दुसऱ्या शब्दावर सोडतो. डोल्मा (तारादेवी), ल्हामो (देवी), वांगमो, पाल्मो ही साधारणपणे बायकांची. शेवटचा 'मा' किंवा 'मो' ही स्त्रीत्वाची खूण. हिमाचलमधल्या लाहौलच्या एका गुहेत १२ वर्षं साधना केलेल्या, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या भिक्षुणी तेन्झिन पाल्मो प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नावातलं स्त्रीत्व काय ते त्या 'मो'मध्ये. पण ही खूणही पक्की धरू नका. खुद्द दलाई लामांचं जन्मनाव होतं ल्हामो थोंडुप, म्हणजे इच्छा पुरवणारी देवी. आमदो प्रांतातल्या ताक्त्सेर गावच्या शेतकरी घरात ६ जुलै १९३५ ला जन्मलेल्या मुलग्याला हे नाव ठेवलं होतं आणि त्यावरून कुणी नाक मुरडलं नव्हतं.

याउलट वाराची नावं कुणालाही चालतात. ज्या वारी जन्म, त्या वाराचं नाव ही तिबेट्यांत आणि शेर्पांत मोठी रूढी. न्यिमा रविवार, दावा सोमवार, मिग्मार मंगळवार, ल्हाक्पा बुधवार, फुर्बू गुरुवार, पासांग शुक्रवार, पेन्पा शनिवार. ग्रहांचा क्रम अगदी आपलाच. १९९३ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली नेपाळी स्त्री पासांग ल्हामू शेर्पा शुक्रवारची, आणि पासांग नावाचे पुरुष शेर्पा तर गिर्यारोहणाच्या इतिहासात जागोजागी.

इतके तेन्झिन एकत्र आले की हाक कशी मारायची? सोय साधी आहे. दोन शब्दांचं पहिलं पहिलं अक्षर उचलायचं: तेन्झिन डोल्माची तेन्डोल होते, तेन्झिन छोडोनची तेन्छो. ही काही आजकालच्या पोरांची टूम नाही. दलाई लामांच्या खालोखाल मान असलेल्या पंचेन लामांमधला 'पंचेन' याच पद्धतीने झालाय: पंडितचा 'पं' आणि छेन्पोचा, म्हणजे महानचा, 'छेन'. घरात बहुधा पहिला शब्द गळतो आणि नुसतं डोल्मा, नोर्बू असं राहतं.

हाकेचं भागतं, फॉर्मचं भागत नाही. तिबेट्यांत जुन्या सरदार घराण्यांचा अपवाद सोडला तर आडनाव नसतं. तेन्झिन आणि डोल्मा ही दोन्ही तिची स्वतःची नावं, एकही बापाकडून आलेलं नाही. फॉर्मवर मात्र 'आडनाव' हा रकाना असतो आणि तो रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. मग दुसरा शब्द तिथे जातो. त्यातून घडतं असं की आई डोल्मा, बाप त्सेरिंग, थोरला नोर्बू आणि धाकटी छोडोन अशी चार 'आडनावं' एका छपराखाली नांदतात, आणि परदेशात विमानतळावरच्या अधिकाऱ्याला हे एकच कुटुंब आहे हे पटवता पटवता घाम फुटतो. आपल्याकडच्या ज्यांनी ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं नाव निघाल्याचे हेलपाटे घातलेत, त्यांना यातला ताप वेगळा सांगायला नको.

हा ताप महाराष्ट्रातही आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासूनची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता; १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तरी तिबेटी लोक वसाहतीला अजून भंडारा म्हणतात. झाडीपट्टीच्या या धानाच्या मुलखात तेन्झिन हे नाव शेजाऱ्यांच्या तोंडी रुळलेलं आहे. मुंबईला हे नाव वेगळ्याच प्रकारे कळलं: जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी उतरले होते त्या हॉटेलच्या बांधकामाच्या परांचीवरून चढून, चौदाव्या मजल्याच्या उंचीवर तिबेटचा झेंडा फडकवणारा कवी तेन्झिन त्सुंदे. मुंबई विद्यापीठातच शिकलेला.

नाव बायकांना आणि पुरुषांना सारखं, म्हणून तिबेटी समाजात सगळं सारखं, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मला तर उलट हे नाव म्हणजे एक उधारी वाटते. 'शासन धारण करणारी' असं नाव मिळालेल्या हजारो मुलींपैकी ज्या भिक्षुणी झाल्या, त्यांना त्या शासनाच्या अभ्यासातली सर्वोच्च पदवी, गेशे, कित्येक शतकं खुली नव्हती. स्त्रियांसाठी तिचं नाव गेशेमा. परीक्षा पार करून गेशेमा झालेल्या भिक्षुणींची पहिली तुकडी, वीस जणींची, डिसेंबर २०१६ मध्ये बाहेर पडली. समारंभ झाला कर्नाटकात, मुंडगोडला. आपल्या बेळगावपासून फार लांब नाही.

आणि सगळी तिबेटी नावं अशी निर्लेपही नाहीत. मुलीला 'भूती' नाव ठेवतात, त्यातला 'भू' म्हणजे मुलगा; पाठीवर मुलगा घेऊन येणारी ती भूती. सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या मुलींची नावं २०११ मध्ये जाहीर समारंभात बदलली गेली, ते ज्यांना आठवतं त्यांना हे नवं नाही. मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम वंगाळ नाव ठेवायचं ही रीतही दोन्हीकडे आहे. आपले धोंडू, दगडू, केरबा. त्यांच्याकडे तर थेट कुत्र्याची विष्ठा असा अर्थ असलेलं नाव. त्यातून वाचलेलं मूल मोठं झालं की लामाकडून नवं नाव आणता येतं. नाव बदलण्याचं त्यांना आपल्याइतकं अवघड वाटत नाही, तेनझिंग नोर्गेंचं बदललं तसंच.

एखाद्या तेन्झिनशी प्रत्यक्ष बोलायची वेळ आली तर नुसतं नाव घेऊ नका, पुढे 'ला' जोडा. हे त्यांचं 'जी'. बाई असो, बुवा असो, वयाने मोठं असो की बरोबरीचं, तेन्झिन-ला म्हटलं की मान राखला जातो. अडचण फक्त मराठीची आहे. आपल्याकडे 'ला' हा चतुर्थीचा प्रत्यय, त्यामुळे 'तेन्झिन-लांना चहा द्या' म्हणावं की 'तेन्झिन-लाला', हे ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही चालतील, चहा मात्र त्यांना विचारून; मीठ आणि लोणी घातलेल्या चहाची सवय असेल तर आपला गोड उकाळा सगळ्यांनाच रुचतो असं नाही.